पोस्ट पडली की समई लागते: ईएसपी ३२ आणि एलईडी पॅनल घरच्या घरी

मागच्या वर्षी गणपतीत त्याच त्या लुकलुकणाऱ्या माळा लावायचा कंटाळा आला होता म्हणून मखराच्या मागे मी १६ बाय १६ चं एक एलईडी पॅनल लावलं, आणि असं जुळवलं की आमच्या घरच्या टेलिग्राम ग्रुपवर कोणी काही टाकलं, मग ती नाशिकची आत्या असो नाहीतर जर्मनीतला मावसभाऊ, की पॅनलवर समई लागते, पाच सेकंद ज्योत हलते आणि शांत होते (विझते म्हणायचं नाही, आजी ओरडते). एवढंसंच आहे, पण आरतीला आलेला प्रत्येक जण ‘हे कसं केलंस रे’ विचारून गेला आणि सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढतो. इलेक्ट्रॉनिक्स येत नसलं तरी चालेल, माझं सोल्डरिंग बघितलंत तर तुम्हाला धीर येईल.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट. सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं की आलेली पोस्ट पॅनलवर सरकत्या अक्षरांत दिसावी. मीही त्यातच आठवडा घालवला. नका करू. तयार फाँट इंग्रजीचे असतात, आणि देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ ८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) तीन बाइटचं असतं, त्यामुळे ‘बाप्पा’ लिहिलं की पॅनलवर भलतीच चिन्हं धावतात. तो तिढा सोडवला तरी पुढे वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, जोडाक्षर जुळवायचं हे सगळं मोबाइल आपोआप करतो, पॅनल चालवणारा ईएसपी ३२ नावाचा छोटा वाय-फायवाला बोर्ड करत नाही. आणि सरकत्या अक्षरांसाठी ८ ओळींचं पॅनल घेतलं तर त्यावर वर मात्रा, मग शिरोरेघ, मग अक्षर, खाली उकार, एवढं मावणार कुठे? शिवाय घरच्या ग्रुपऐवजी उघडा हॅशटॅग जोडलात तर तिथे कोण काय लिहील याचा भरवसा नाही आणि ते बाप्पाच्या डोक्यावर सरकत जाणार. म्हणून मी ठरवून टाकलं, पॅनलने पोस्ट वाचून दाखवायची नाही, कोणीतरी आठवण काढली एवढंच कळवायचं. हे एकदा मान्य केलं की निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

काय काय आणायचं

ईएसपी ३२ चा डेव्हलपमेंट बोर्ड. जुना ईएसपी ८२६६ म्हणजे नोडएमसीयू घरात पडला असेल तर तोही चालतो, पण सुरक्षित कनेक्शन म्हणजे एचटीटीपीएस उघडलं की त्याची मेमरी पटकन संपते आणि नवख्या माणसाला कळतच नाही की बोर्ड मधूनच रीस्टार्ट का होतोय, तेव्हा थोडे जास्त पैसे द्या. दुसरं, डब्ल्यूएस २८१२ बी जातीच्या एलईडीचं पॅनल, दुकानात ‘ॲड्रेसेबल’ किंवा ‘निओपिक्सेल’ म्हणून मागा, यात प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो. मग ५ व्होल्टचा ४ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर, ३३० ओहमचा एक रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि जोडणीच्या वायर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजूला सगळं मिळतं, ऑनलाइन तर मिळतंच. यूएसबी केबल मात्र डेटावाली बघून घ्या, नुसती चार्जिंगची केबल लावून ‘पोर्ट दिसत नाही’ म्हणत दोन तास बसणारे मी तीन जण पाहिलेत, त्यातला एक मीच.

करंटचा हिशेब, हा भाग वाचल्याशिवाय काही जोडू नका

एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलीअँपिअर खातो. १६ बाय १६ म्हणजे २५६ दिवे, गुणाकार केला तर १५ अँपिअरच्या वर जातं. आणि आपण काय करतो, तर बोर्डच्या ५ व्होल्टच्या पिनमधून पॅनलला वायर देतो आणि बोर्ड लॅपटॉपला लावतो. मी तेच केलं होतं. पॅनल क्षणभर भगभगलं, बोर्ड बंद पडला, परत सुरू झाला, परत बंद, आणि सिरियल मॉनिटरवर (लॅपटॉपवर बोर्डचे निरोप दिसतात ती खिडकी) ‘ब्राउनआउट’ची, म्हणजे वीज कमी पडल्याची, एकच ओळ पुन्हा पुन्हा, शेवटी लॅपटॉपनेच ते पोर्ट बंद करून टाकलं. नशीब, नंतर चालू झालं.

तर पॅनलला वीज थेट अ‍ॅडाप्टरमधून. पॅनलच्या मागे बहुतेक तीन ठिकाणी वायरी निघालेल्या असतात, एका टोकाला डेटा आत जायचा कनेक्टर, दुसऱ्या टोकाला बाहेर यायचा, आणि मधल्या दोन जाड वायरी फक्त विजेच्या. अ‍ॅडाप्टरचा प्लस आणि मायनस त्या मधल्या दोन वायरींना. मग अ‍ॅडाप्टरच्या मायनसपासून अजून एक वायर बोर्डच्या ग्राउंड पिनला, आणि ही वायर विसरायची नाही, कारण ती नसली की सगळं जोडलेलं दिसतं पण पॅनल वेड्यासारखं कुठलेही रंग दाखवतं. बोर्डची १३ नंबरची पिन, तिथून ३३० ओहमचा रेझिस्टर, तिथून पॅनलच्या ‘डीआयएन’ लिहिलेल्या टोकाला. ‘डीआउट’ला लावलं तर काहीच पेटणार नाही. कपॅसिटर प्लस-मायनसच्या मध्ये, त्याच्या अंगावर पट्टा असलेली बाजू मायनसला, उलटा लावलात तर फुटतो.

बोर्ड डेटा ३.३ व्होल्टने पाठवतो आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या या एलईडीला कागदोपत्री ३.५ तरी लागतात. वायर वीतभर असेल तर बहुतेक वेळा चालून जातं, माझं चाललं. पहिले एक-दोन दिवे उगाच झगमगत राहिले तर मध्ये ७४ एचसीटी १२५ नावाची छोटी चिप टाका, तिचं कामच ३.३ चे ५ करणं.

आणि ब्राइटनेस. फास्टएलईडी लायब्ररीत (असे दिवे चालवायचा तयार कोड) एक सोय आहे, तुम्ही सांगायचं की ५ व्होल्टला माझ्याकडे ३००० मिलीअँपिअरच आहेत, मग ती स्वतःच हिशेब करून उजेड तेवढ्यात बसवते. ही ओळ पहिल्या दिवशी टाका. तसंही खोलीत २५५ पैकी ४० ब्राइटनेस भरपूर होतो, त्याच्या वर डोळ्यांना त्रास, आणि फोटोत तर नुसता पांढरा गोळा येतो.

पहिला दिवस: फक्त दिवे

लॅपटॉपवर आर्डुइनो आयडीई (कोड लिहून बोर्डवर चढवायचं सॉफ्टवेअर) टाका, प्रेफरन्सेसमध्ये एस्प्रेसिफने (ईएसपी ३२ ची कंपनी) दिलेली बोर्डची लिंक टाकून ईएसपी ३२ चं पॅकेज उतरवून घ्या, लायब्ररी मॅनेजरमधून फास्टएलईडी आणि आर्डुइनोजेसन घ्या (जेसन म्हणजे नेटवरून माहिती ज्या साच्यात येते तो, ही लायब्ररी तो वाचते). पोर्ट दिसत नसेल तर बोर्डवर यूएसबीची चिप सीपी २१०२ आहे का सीएच ३४० ते बघून त्याचा ड्रायव्हर टाका. अपलोड करताना ‘कनेक्टिंग’ म्हणून नुसते ठिपके येत राहिले तर बोर्डवरचं बूट लिहिलेलं बटण दाबून धरा, सुटतं.

आता फास्टएलईडीच्या उदाहरणांत ‘आरजीबी कॅलिब्रेट’ नावाचं आहे ते उघडा, पिन नंबर बदला आणि चालवा. एक लाल, दोन हिरवे, तीन निळे दिवे दिसले पाहिजेत. या एलईडीमध्ये रंगांचा क्रम हिरवा-लाल-निळा असा असतो, म्हणून सेटिंग चुकलं की लाल मागितला तर हिरवा मिळतो, गोंधळून जाऊ नका, क्रम बदलला की झालं.

मग पॅनलचा नकाशा. हे पॅनल म्हणजे खरं तर एक लांब माळच नागमोडी घालून चिकटवलेली असते, पहिली ओळ डावीकडून उजवीकडे गेली की दुसरी उजवीकडून डावीकडे येते. म्हणजे शून्यापासून मोजलं तर सम ओळीत दिव्याचा नंबर = ओळ गुणिले १६ अधिक रकाना, आणि विषम ओळीत ओळ गुणिले १६ अधिक (१५ वजा रकाना). एवढं एक छोटं फंक्शन लिहून ठेवायचं, आडवा-उभा आकडा दिला की नंबर परत देणारं, आणि नंतर कधीही थेट नंबर वापरायचा नाही. ८ बाय ३२ चं पॅनल असेल तर ती माळ बऱ्याचदा उभी फिरवलेली असते, तेव्हा एकेक दिवा ओळीने पेटवून आपल्या डोळ्यांनी खात्री करा.

दुसरा दिवस: नेट, पण स्वतःची पोस्ट नाही

इथे लोक उडी मारतात आणि पडतात. वाय-फाय, एचटीटीपीएस, जेसन, दिवे असं सगळं एकदम लिहिलं की काय बिघडलंय ते सापडत नाही. म्हणून मधला सोपा टप्पा घ्या, चिअरलाइट्स. २०११ मध्ये हान्स शार्लर नावाच्या माणसाने हे सुरू केलं, कल्पना अशी की कोणीतरी सोशल मीडियावर एका रंगाचं नाव टाकायचं आणि जगभर जिथे जिथे हे जोडलेलं असेल तिथले दिवे त्या रंगाचे व्हायचे. त्याचा शेवटचा रंग थिंगस्पीक नावाच्या, माहिती साठवणाऱ्या वेबसाइटच्या १४१७ नंबरच्या चॅनलवर मिळतो, चावी लागत नाही, लॉगिन नाही, आणि पहिल्या फील्डचं शेवटचं मूल्य साध्या मजकुरात मागितलं की उत्तर म्हणून इंग्रजीत एकच शब्द येतो, लाल, निळा वगैरे. तो शब्द वाचायचा, पॅनल त्या रंगाचं करायचं, १५-२० सेकंदांनी परत विचारायचं. हे चाललं म्हणजे तुमचं वाय-फाय, पत्ता, सगळं ठीक आहे. शिवाय कुठल्या तरी अनोळखी माणसाने रंग बदलला आणि आपल्या टेबलावरचा दिवा जांभळा झाला की जी मजा येते ती येतेच.

वाय-फाय जोडलंच जात नाही अशी तक्रार असेल तर राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ चालू आहे का बघा, या बोर्डला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. मोबाइलचा हॉटस्पॉटही कधी कधी गुपचूप ५ वर असतो.

तिसरा दिवस: खरी पोस्ट

सगळ्यात आधी लोक विचारतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला जोड ना. घरगुती ग्रुप वाचायची अधिकृत वाट व्हॉट्सअ‍ॅप देत नाही आणि जुगाडू लायब्ररी वापरली तर नंबर बंद व्हायची भीती, तेव्हा तो विषय सोडा. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, त्याची फुकट वाचायची सोय २०२३ मध्ये गेली, म्हणून जुने व्हिडिओ बघून करायला जाल तर अडकाल. उरतात दोन सोप्या वाटा.

सार्वजनिक हॅशटॅगसाठी मॅस्टोडॉन, ट्विटरसारखंच, पण वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं. त्याच्या सर्व्हरला हॅशटॅगची टाइमलाइन मागितली की ताज्या पोस्ट जेसनमध्ये मिळतात, बऱ्याच सर्व्हरवर लॉगिनशिवाय. मागताना दोन गोष्टी जोडायच्या, किती पोस्ट हव्यात (पाच पुरे) आणि ‘अमुक आयडीनंतरच्याच दे’. हा आयडी १८ आकडी वगैरे असतो, तो मजकूर म्हणूनच सांभाळा, आकडा समजून साध्या इंटिजरमध्ये टाकलात तर मावत नाही आणि कापला जातो, मग पोस्ट येऊनही दिसत नाहीत. पोस्टचा मजकूर एचटीएमएल टॅगांनी भरलेला असतो, आपल्याला तो नकोच आहे, त्यामुळे आर्डुइनोजेसनला सांगून ठेवा की फक्त आयडी उचल आणि बाकीचं फेकून दे, मेमरी वाचते. हॅशटॅग मराठीत असेल तर पत्त्यात तो तसाच टाकून चालत नाही, प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हाने लिहावा लागतो, ब्राउझरमधून कॉपी करा, आयता मिळतो. सर्व्हरला दर १५ सेकंदांनी विचारलं तरी पुष्कळ आहे, नेहमीची मर्यादा ५ मिनिटांत ३०० वेळा अशी असते, आपण २० वरच असतो. आणि हो, तुमच्या सर्व्हरपर्यंत जी पोस्ट पोचलीच नाही ती दिसणार नाही, तेव्हा चाचणीची पोस्ट त्याच सर्व्हरवरच्या अकाउंटवरून टाका.

घरच्यांसाठी मात्र टेलिग्राम बरा, आत्याला मॅस्टोडॉन समजावून सांगणं माझ्याच्याने होणार नव्हतं. टेलिग्रामवर बॉटफादर नावाच्या बॉटशी बोलून आपला बॉट तयार करायचा, तो एक लांबलचक टोकन देतो, तीच चावी. बॉटला ग्रुपमध्ये घ्या. आता इथे एक खाच आहे: बॉटला ग्रुपमधले साधे मेसेज मुळात दिसतच नाहीत, प्रायव्हसी मोड आधीपासून चालू असतो. बॉटफादरकडे जाऊन तो बंद करा आणि बॉटला ग्रुपमधून काढून परत घ्या, नाहीतर त्याला अ‍ॅडमिन करा. ग्रुपमधल्या लोकांना हे आधी सांगा हां, त्यांचे मेसेज एक यंत्र वाचणार आहे.

मग बोर्डने ‘गेट अपडेट्स’ असं विचारत राहायचं. प्रत्येक अपडेटला नंबर असतो आणि पुढच्या वेळी विचारताना शेवटच्या नंबरात एक मिळवून तो ‘ऑफसेट’ म्हणून पाठवायचा, म्हणजे टेलिग्रामला कळतं की आधीचं मिळालं. मी ते एक मिळवायला विसरलो होतो. काकांचा पहाटेचा ‘शुभ सकाळ’, फुलांच्या फोटोसकट, एकदाच आलेला, आणि बोर्ड तोच मेसेज नवा समजून घेत राहिला, सकाळी उठलो तर समई अखंड चालू. आईला वाटलं मुद्दाम नंदादीप केलाय, खूश होती, मी काही बोललो नाही.

अजून एक, बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना जे काही जुनं साठलेलं असेल त्याचा फक्त शेवटचा नंबर लक्षात ठेवा, दिवा लावू नका. नाहीतर दर वेळी सुरू केलं की जुन्या पोस्टांची वरात निघते.

टोकन कोणाच्या हाती लागलं की बॉट त्याचा झाला, तेव्हा कोडचा स्क्रीनशॉट मदतीसाठी कुठे टाकताना ती ओळ झाका. गेलंच तर बॉटफादरकडून रद्द करून नवीन घ्या. आणि सुरुवातीला सगळे जण एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र (समोरचा सर्व्हर खराच आहे याची खूण) तपासणं बंद करून काम चालवतात, उघडा हॅशटॅग वाचायला ठीक आहे, टोकन पाठवताना मात्र खरं रूट प्रमाणपत्र कोडमध्ये टाका.

समई काढायची कशी

चौकटीची वही घ्या, १६ बाय १६ चा चौकोन आखा आणि पेन्सिलने चौकोन भरा. माझी समई अशी: सगळ्यात खाली ओळ १५ मध्ये ८ चौकोनांची बैठक, तिच्यावर ६ चौकोनांची एक ओळ, मग मधल्या दोन रकान्यांत ओळ १३ पासून ८ पर्यंत खांब, ओळ ७ आणि ६ मध्ये पसरट तबक, आणि ५ पासून २ पर्यंत ज्योत, तळाला चार चौकोन रुंद आणि टोकाला दोन. पितळेसाठी लाल १८०, हिरवा ११०, निळा १० घेतला, त्याहून हिरवा वाढवला की लिंबासारखं दिसायला लागतं.

ज्योतीची गंमत अशी की आकार हलवायचाच नाही. ज्योतीतल्या प्रत्येक दिव्याला दर ६० मिलीसेकंदांनी १२० ते २५५ मधला कुठलातरी उजेड द्यायचा, लाल पूर्ण, हिरवा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, निळा शून्य. टोकाच्या दोन दिव्यांना अधूनमधून पूर्ण बंद करायचं. लांबून बघितलं तर वाऱ्यावर हलतेय असंच वाटतं. सुरुवातीला मी अगदी सगळी फ्रेम बदलणारं अ‍ॅनिमेशन केलं होतं आणि ते लग्नाच्या मांडवातल्या लायटिंगसारखं दिसत होतं, ते काढून टाकलं.

सगळं एकत्र

आता दोन्ही कामं एकाच बोर्डला करायचीत, ज्योत हलवायची आणि नेटवर विचारायचं. ‘डिले’ वापरू नका. डिले म्हणजे दूध तापत ठेवून तिथेच टक लावून उभं राहणं, दाराची बेल वाजली तरी हलायचं नाही. त्याऐवजी ‘मिलिस’ने घड्याळ बघायचं, ६० मिलीसेकंद झाले का, ज्योत बदल, १५ सेकंद झाले का, विचारून ये. तरी एक अडचण राहते, विचारायला गेलं की उत्तर येईपर्यंत एखादा सेकंद सहज जातो आणि तेवढा वेळ ज्योत गोठते. सोपा उपाय, समई चालू असताना विचारायलाच जायचं नाही. टेलिग्रामला विचारताना उत्तरासाठी ताटकळत थांबायची जी लाँग पोलिंगची सोय आहे तीही याच कारणासाठी बंद ठेवा, टाइमआउट शून्य द्या. ईएसपी ३२ ला दोन कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे दोन मेंदू, असतात, तेव्हा नेटचं काम दुसऱ्या कोअरला देऊनही सुटतं, पण ते नंतर करा, पहिल्या झटक्यात नको.

एकदम दहा मेसेज आले तर दहा वेळा समई लावत बसू नका, पुढच्या वेळी तबकात ज्योती वाढवा, मी तीनपर्यंत ठेवल्यात.

आणि लाइट. आमच्याकडे गणपतीत एकदा तरी लाइट जातेच, आणि परत आली की बोर्ड दोन-तीन सेकंदांत जागा होतो पण राउटरला दोन मिनिटं लागतात. ज्या कोडमध्ये वाय-फाय एकदाच शोधून गप्प बसायचं असं लिहिलेलं असतं तो मग दिवसभर मुका राहतो आणि घरचे म्हणतात तुझं ते बिघडलं. तेव्हा वाय-फाय तुटलंय का हे सतत तपासा, तुटलं असेल तर दर १० सेकंदांनी परत जोडा. कोपऱ्यातला एक दिवा मी त्यासाठी राखून ठेवलाय, अगदी मंद, वाय-फाय नसेल तर लाल, उत्तर मिळालं नाही तर निळा, सगळं ठीक असेल तर बंद. आता लाल दिसला की आईच राउटरचं बटण बंद-चालू करून येते.